बर्फात चालतील असे टायर

१६ सप्टेंबर २००३, मंगळवार. देवास

वि.चं पत्र आलं. आठ महिन्यांतलं नवऱ्याचं चौथं पत्र, आणि सगळ्यात मोठं. अकरा ओळी. जानेवारीपासून वरच्या कॉलनीत क्वार्टर मिळणार. प्रोजेक्टची बस तिथवर जात नाही, म्हणून आपली जीप लागेल. ‘डिसेंबरात ट्रकवर चढवून पाठवून दे. टायर गुळगुळीत झालेत, आधी बदलून घे. इकडे बर्फ असतो.’ खाली सही.

गाडी मागितली. मला नाही.

पत्र फ्रिजवर ठेवलं. मग कपाटात. मग परत फ्रिजवर. संध्याकाळपर्यंत घरात त्या कागदाला जागा मिळेना. शेवटी पर्समध्ये टाकलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

टोंकखुर्दच्या शाळेत जाताना गाडी घसरली. रात्री पाऊस झालेला, काळी माती लोण्यासारखी. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडे, आणि मी मधे. दोन शेतकऱ्यांनी ढकलून बाहेर काढली. एक म्हणाला, “मैडमजी, टायर तो टकले हो गए।” मग अकरावीला घर्षणाचा धडा शिकवला. साडीला गुडघ्यापर्यंत चिखल. पोरं पुस्तकापेक्षा साडीकडे जास्त बघत होती. बघू देत, उदाहरण समोरच होतं.

टायर घ्यायचेच आहेत तर. वि.ला लागोत की मला.

परत येताना डोक्यात आलं, ट्रकवर का चढवायची? मला चालवता येते की. इथून वि. आहेत ते हिमाचलातलं किन्नौर म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या आसपास. आजपर्यंतचा माझा सगळ्यात लांबचा पल्ला धार.

कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलं एवढंच.

२१ सप्टेंबर, रविवार

प्रोजेक्टच्या ऑफिसात रविवारी सकाळी आठ ते नऊ फोन घेतात. लावला. मागे कुठलं तरी मशीन धडधडत होतं.

“टायर बघितलेस?”
“बघतेय.”
“नीट बघ. घाई नको.”
“तब्येत?”
“ठीक. तुझी?”
“ठीक.”

ठेवला. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. मी स्वतः गाडी घेऊन येते म्हणायचं होतं. जीभच उचलली नाही.

हा माणूस तिकडे गेला कसा, ते एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. कारखान्याने त्यांचं खातं बंद केलं, वि.नी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दीड वर्ष घरी बसले. बसले म्हणजे काय, माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, गॅस किती मिनिटं चालतो ते मोजलं, मी शाळेतून आले की दारात घड्याळ बघत उभे. एक दिवस माझा तोल सुटला. म्हटलं, कुठेतरी जा, पण या घरातून जा. पंधरा दिवसांत किन्नौरच्या बोगद्यावर नोकरी शोधून गेले. भांडण नाही, तंटा नाही. जाताना डब्यांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या काढून गेले.

मी म्हटलं होतं हे खरं. पण इतकं लांब म्हणायचं नव्हतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ए. बी. रोडवर कैलाशभियांच्या टायरच्या दुकानात. वि.ची नेहमीची जागा. मी एकटी पहिल्यांदाच. आधी स्टूल पुसून दिलं, मग चहा, मग विचारलं, “साब कब आ रहे हैं?” साब नाही, टायर. बर्फात चालणारे.

“बरफ में? मैडम, आप देवास में हो।”

सगळं सांगितलं. मग भिया गंभीर झाले. आतून एक टायर गडगडत आणला. चिखलाचा. हाताच्या अंगठ्याएवढे उंच गठ्ठे, मधे रुंद चर, ट्रॅक्टरच्या धाकट्या भावासारखा. “ये लो। काली मिट्टी को उठा के फेंक देता है। बरफ क्या चीज है इसके आगे?”

पटलं. खरंच पटलं. आमच्याकडच्या मातीत जो जुलै काढतो त्याला कसली भीती, असंच मनात आलं. हात फिरवून पाहिला. छान वाटलं. पण घरी आल्यावर पुन्हा चुळबुळ.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. दादाचा धारहून फोन. दादाला अजून वाटतं की धार संस्थानात आजोबा कारभारी होते तो कारभार त्याच्याकडेच चालू आहे. टायरचं सांगितलं, मी चालवत नेणार ते गाळून.

“हेमू, बर्फ म्हणजे काय गे? पांढरा चिखल. खोल नक्षीचे टायर घे, बाकी विचार करू नको. आणि घेणारच आहेस तर दसऱ्याला घे. मुहूर्त कशाला चुकवतेस?”

कैलाशभियाही मुहूर्ताचंच म्हणत होते. दोन पुरुष आणि पंचांग एका बाजूला. माझी फिजिक्सची एम.एस्सी. दुसऱ्या बाजूला नव्हतीच. तीही त्यांच्याच बाजूला.

५ ऑक्टोबर, रविवार. दसरा

चारही टायर बसवले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथून सरळ माताजीच्या टेकडीखाली पूजेला. गाडीची पूजा दरवर्षी वि. करतात, मी ताट धरते. आज ताट बॉनेटवर ठेवलं. चारही टायरांवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकांखाली चार लिंबं. गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली. पुजारी म्हणाले, “लंबा सफर है क्या?” हो म्हटलं. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

परतताना नवे टायर डांबरी रस्त्यावर घोंघावत होते. खूश होते मी. ऋचाला इंदूरला होस्टेलवर फोन करून सांगितलं, तर म्हणते, “आई, तू तो एकदम जोश में है।” माझी लेक. मराठीत सुरुवात करते आणि हिंदीत उतरते.

१२ ऑक्टोबर, रविवार

आठ वाजता फोन. टायर घेतले म्हटलं, कुठले ते सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं की काय मला?

“कोणी सांगितलं तुला? ते काढ.”

मग बोलायला लागले. ताज्या भुसभुशीत बर्फात चालतीलही, पण इथे रस्त्यावरचा बर्फ गाड्यांनी दाबून फरशीसारखा झालेला असतो. त्याच्यावर ते मोठे गठ्ठे काही धरत नाहीत. वर ते रबर थंडीत कडक होतं. मऊ राहणारं रबर हवं, त्याच्यावर बारीक बारीक चिरा हव्यात. गेल्या फेब्रुवारीत साइटवरचा एक ड्रायव्हर असल्याच टायरवर वाटेत नारकंड्याला घसरत गेला, कठड्याने वाचला. सगळं सावकाश, एकेक मुद्दा. चिडले नव्हते.

मी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं. नऊ महिन्यांत एवढं बोललो नव्हतो, आणि बोललो ते रबराबद्दल.

ठेवल्यावर रागाने रडू आलं. त्यांचा राग नाही. वीस वर्षं घर्षण शिकवते मी. संपर्काचं क्षेत्र, पृष्ठभाग, तापमान. आणि बर्फाला पांढरा चिखल समजून बसले. माळव्याबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं तरी डोक्यात काळी मातीच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कैलाशभियांकडे टायर परत करायला. शाळेच्या पाच-सहा फेऱ्या फक्त झाल्या आहेत, नवेच आहेत. भिया खाली वाकले, स्वस्तिकावर बोट फिरवलं. कुंकू चरांत घट्ट बसलेलं.

“मैडम, खाली लगा के लाते तो मैं हँस के रख लेता। पूजा हो गई, नींबू फूट गया। अब ये माताजी के नाम से आपके हो गए। मैं किसी दूसरे को कैसे बेचूँ?”

वाद घातला नाही. कारण त्यांच्या जागी मी असते तरी घेतले नसते. पूजा झालेली वस्तू आईने कधी कोणाला परत केली नाही, मीही नाही. एम.एस्सी. इथेही कामी आली नाही.

भिया बिचारे वरमले. म्हणाले, दिल्लीला विचारतो. दोन जाती आहेत. एक निव्वळ बर्फाची, बाहेरून येते, रबर फार मऊ. “यहाँ की मई में पेड़े की तरह पिघल जाएगा।” दुसरी बारमाही. बर्फ, पाऊस, ऊन, सगळीकडे चालते. “पर सच बोलूँ? किसी में भी नंबर वन नहीं।”

निव्वळ बर्फाचे घेतले तर गाडी तिकडेच राहणार. चिखलाचे ठेवले तर इकडेच. बारमाही घेतले तर...

बारमाही मला आवडत नाहीत. इकडचे ना तिकडचे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

भियांच्या अडगळीतून फुटक्या टायरांचे दोन तुकडे करवतीने कापून आणले. एक चिखलाच्या जातीचा, एक बारमाहीचा. कोणाच्या सांगण्यावर आता काही घ्यायचं नाही. दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, मटारशेजारी. उद्या नखाने दाबून बघायचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

लाइट पहाटेच गेलेली. दुपारी फ्रीझर उघडला तर पाणी. मटार मऊ, दोन्ही टायर मऊ. या राज्यात प्रयोग करणं म्हणजे...

पुन्हा ठेवले.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी काढले. चिखलाच्या तुकड्यात नख रुतेना, सुपारीसारखा टणक. बारमाहीचा तुकडा जरा ताठरला, पण वाकतो. वि. बरोबर होते. ते बरोबर असतात तेव्हा मला आनंद होत नाही, हे माझं जुनं दुखणं.

ऋचा दिवाळीच्या सुट्टीवर आली आहे. फ्रीझर उघडून किंचाळली. “आई! सब्जी के साथ टायर?” सगळं सांगावं लागलं. मी चालवत नेणार तेसुद्धा.

तिने फ्रीझरचं दार लावलं. मग चक्क मराठीत म्हणाली, “बाबांना माहीत आहे?”

नाही.

“मग तू टायर कसले निवडतेयस? आधी ते तर सांग. राहायला चाललीयस की गाडी पोचवायला?”

चकल्यांची भाजणी चाळायला घेतली. चाळलेली पुन्हा चाळली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊबिजेला धारला गेले होते, आज परतले. गाडी मी चालवली, ऋचा शेजारी. पाडव्याला ओवाळायला कोणी नव्हतं. निरांजन लावलं आणि तसंच देवापुढे ठेवलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दादाला ऋचाने सांगून टाकलं. दादा पाटावरून उठला.

“एकट्या बायका मुलखाबाहेर गाडी हाकणार? आमच्या घराण्यात...”

वहिनी आतून म्हणाली, “तुमच्या घराण्यात पांढरा चिखलपण होता.” दादा बसला.

मग जेवताना हळूच मला, “हेमू, त्यांनी तुला बोलावलंय का गे?”

नाही, म्हटलं. गाडी बोलावलीय.

दादाने पानातली बासुंदीची वाटी माझ्याकडे सरकवली. लहानपणी मी मार खाल्ला की असंच करायचा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिन्सिपल सरांकडे रजेचा अर्ज. “मैडम, चुनाव तक भूल जाइए।” सगळ्यांना इलेक्शन ड्यूटी. मतदान एक डिसेंबरला, माझं केंद्र कन्नौदकडचं कुठलं तरी गाव. त्यानंतर सहामाही. रजा मिळाली तर नाताळात, पंधरा दिवस.

पंधरा दिवस म्हणजे जायचे चार, यायचे दोन रेल्वेने. नऊ उरतात. किंवा गाडीनेच परत. किंवा... हा हिशेब रोज करते. रोज वेगळा येतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोन लागला नाही. सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ. लाइन डेड. आधी चिडले, मग काळजी वाटायला लागली. बोगदा, दरड, बर्फ, काय काय डोक्यात आलं. दहा वाजता तोंड धुतलं आणि गाडी काढून उगाच टोंकखुर्दच्या रस्त्याला जाऊन आले. रविवारी! शाळेच्या फाटकावरून परत. गेल्या वर्षी हा माणूस घरात होता तेव्हा मी रविवारी बाहेर पडायला कारणं शोधायचे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पोस्टकार्ड. आठवड्यापूर्वीचं. तिकडे तारा तुटल्यात. तब्येत ठीक. ‘टायर बदललेस का?’

माणूस आहे की गॅरेज!

पण कार्डाच्या कडेला, पत्त्याच्या बाजूला, उरलेल्या चिंचोळ्या जागेत उभं लिहिलंय: ‘क्वार्टरच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे.’ एवढंच. का लिहिलं असेल? त्यांना स्वयंपाकघराची खिडकी कशाला लागते? वरण-भात मेसमध्ये जेवतात.

पाच-सहा वेळा वाचलं. सातव्यांदा मलाच लाज वाटली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शाळेतून परस्पर कैलाशभियांकडे. बारमाहीची ऑर्डर दिली.

“पक्का? बाद में मत बोलना।”

पक्कं काहीच नाही, म्हणूनच बारमाही, असं सांगणार होते. नुसतं हो म्हटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मला कधीतरी एकदा असं काहीतरी घ्यायचं होतं जे एकाच गोष्टीसाठी असतं. पण बर्फाचे घेऊन मे महिन्यात परत यायची वेळ आली तर? आणि चिखलाच्याच टायरवर पाठवून दिली आणि नारकंड्याला त्यांची गाडी घसरली तर? त्या ड्रायव्हरसारखा कठडा दरवेळी नसतो. हे मनात आलं आणि भियांच्या हातात ॲडव्हान्स ठेवला. म्हणजे एवढं तरी कळलं की मला तो माणूस सुखरूप हवा आहे. कुठे हवा आहे ते कळलेलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

ड्यूटी करून परत. मतदानयंत्रं जमा करेपर्यंत कंबर मोडली. कन्नौदकडच्या त्या रस्त्यांवर सरकारी बसने जे हाल झाले, त्यानंतर हिमाचलची भीती जरा कमी झाली आहे. खड्डे तिकडे यापेक्षा मोठे असूच शकत नाहीत.

९ डिसेंबर, मंगळवार

टायर आले, बसले. दिसायला साधेच. चरांमधून बारीक नागमोडी चिरा, पोळीवर सुरीने ओढाव्यात तशा. घोंघावत नाहीत. भियांनी विचारलं, पूजा? नको म्हटलं. आधी चालू देत. त्यांनी कानाला हात लावला आणि स्वतःच गुपचूप एक लिंबू डाव्या चाकाखाली ठेवलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

चिखलाचे चारही आता जिन्याखाली. जुलैत टोंकखुर्दला लागतीलच, असं शेजारणीला सांगितलं. सांगून आत आले आणि दारातच थांबले. जुलैत मी इथे असणार, हे कोणी ठरवलं?

१४ डिसेंबर, रविवार

फोन लागला.

“टायर?”
“बारमाही घेतले. रबर फ्रीझरमध्ये ठेवून बघितलं.”

पलीकडून हसू. वि.चं हसणं मी विसरले होते, नाकातून सुरू होतं.

“किती तास ठेवलंस?”
“रात्रभर. पहिल्यांदा लाइट गेली.”
“थर्मामीटर लावायचं होतंस.”

झालं. हे असं आहे. पण हसले.

“बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या मी इथे घेऊन ठेवतो. ट्रकवाला ठरला का?”

ठरेल, म्हटलं. तोंडातून हेच निघालं. फोन ठेवून तिथेच स्वतःला दोन शिव्या दिल्या, एक मराठी, एक माळवी.

२० डिसेंबर, शनिवार

रजा मंजूर. पंधरा दिवस. सरांनी सही करताना विचारलं, “बढ़ानी तो नहीं पड़ेगी?” बघू, म्हटलं.

ऋचाची परीक्षा संपली. ती येणार, नकाशा ती बघणार, परत एकटी रेल्वेने. तिने स्वतःचं तिकीट काढलं. म्हणाली, “तुझं काढू?” मी म्हटलं थांब. ती थांबली. पोरगी शहाणी आहे, माझ्यावर गेलेली नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आठला पाच कमी असताना लावला. एका दमात सांगून टाकलं. ट्रक नाही. गाडी मी घेऊन येतेय. परवा निघतोय, ऋचा बरोबर आहे.

मशीनची धडधड. मला वाटलं आता रस्त्याची चूक, ब्रेकची चूक, काहीतरी काढतील.

“किती दिवस राहशील?”
“पंधरा दिवसांची रजा मिळालीय.”
“रजा नाही विचारली, हेमा.”

आणि लाइन गेली. खरंच गेली की त्यांनी ठेवला, माहीत नाही. खरंच गेली असेल. तिकडे तारा नेहमी तुटतात.

नऊ वाजेपर्यंत फोनशेजारी बसले. रिसीव्हरवर हात होता. मी फिरवला नाही, त्यांचाही आला नाही. लागला असता तर काय सांगितलं असतं? तुम्ही घरात होता तेव्हा जीव गुदमरायचा, आणि नाही तर घर मोठं वाटतं. हे फोनवर सांगता येतं का? आणि तिथे त्या खिडकीच्या स्वयंपाकघरात तुम्ही पुन्हा गॅसची मिनिटं मोजायला लागलात तर मी कुठे जाऊ? चहूकडे बर्फ.

२२ डिसेंबर, सोमवार

उद्या सहाला निघायचं. टाकी भरली. हवा भरली. दादाने धारहून येणाऱ्याच्या हाती स्वतःचा जुना लोकरी कोट पाठवला, खिशात अंगारा.

ऋचाची बॅग दहा मिनिटांत भरली. माझी सकाळपासून चालू आहे. स्वेटर, शाल, पायमोजे, वि.ची कानटोपी, सगळं झालं. मग कपाटातून दोन सुती साड्या काढल्या, उन्हाळ्यातल्या. तिकडे सुती नेसण्याइतकं ऊन मे-जूनमध्ये पडतं म्हणे. ठेवल्या. काढल्या. दुपारी परत ठेवल्या. ऋचाने बघितलं आणि चहा आणून दिला.

आत्ता संध्याकाळचे साडेपाच झालेत. एक साडी आत आहे, एक पलंगावर. बॅगेची चेन उघडीच आहे.